६४ बाइटांत मराठी मावत नाही: फोटोतल्या मेटाडेटावरून आपोआप टॅगिंग, वापरानंतरचा अनुभव

साइटवर चढवलेल्या फोटोंना आपोआप टॅग लावणाऱ्या विकतच्या प्लगिनचं लायसन्स संपत आलंय आणि रिन्यू करा म्हणून मेलवर मेल येतायत, त्यामुळे हे आत्ताच लिहून काढतो. मी रिन्यू करणार नाही. पण फाइलमधल्या मेटाडेटावरून, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या माहितीवरून, टॅग लावायची पद्धत मात्र अजिबात सोडणार नाही. ज्यांना हे प्लगिन वापरून या सगळ्याचाच कंटाळा आला असेल, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची गडकोट, लेणी, जुनी मंदिरं आणि वीरगळांच्या फोटोंची वर्डप्रेसवर साइट आहे. फोटो पाच-सहा जण काढतात, चढवायचं काम माझ्याकडे. डिजीकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो निवडताना मी गड, तालुका, वास्तूचा प्रकार असे की-वर्ड देतोच. तेच परत साइटवर हाताने टाइप करत बसायचं हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. वर्डप्रेस अपलोडच्या वेळी फाइलमधलं शीर्षक, कॅप्शन, क्रेडिट, कॉपीराइट उचलतं. की-वर्डही वाचून डेटाबेसात ठेवतं, पण त्यांचे टॅग करून देत नाही. तेवढ्यासाठी प्लगिन घेतलं. डिजीकॅम फुकट, फाइलमधला मेटाडेटा वाचायचं-बदलायचं एक्झिफटूल फुकट, खिशातून गेले ते या प्लगिनचे, तेही डॉलरमध्ये आणि वर बँकेचे चार्जेस. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्याच जातीच्या बऱ्याच प्लगिनांना लागू पडेल.

सुरुवातीचे काही आठवडे मी खरंच खूश होतो. राजगडचे फोटो चढवले की 'संजीवनी माची', 'सुवेळा माची', 'नेढं' हे टॅग आपोआप लागलेले. कॅप्शन जागेवर, फोटो काढणाऱ्याचं नाव जागेवर. अपलोड लावून जेवायला बसायचं, परत येईपर्यंत काम झालेलं.

मग रतनवाडीचे फोटो आले.

ग्रुपमधल्या एकाने त्याच्या एडिटरमध्ये की-वर्ड घालून फाइली पाठवल्या होत्या. त्यातला एक की-वर्ड होता 'अमृतेश्वर मंदिर रतनवाडी'. साइटवर त्याच्या जागी टोप्या घातलेल्या लॅटिन ए अक्षरांची आणि चिन्हांची एक लांबलचक ओळ टॅग म्हणून बसली. बाजूचे 'पुष्करणी', 'शिल्प', 'अकोले' व्यवस्थित. हाच एक टॅग बिघडलेला, आणि त्या मंदिराच्या प्रत्येक फोटोवर बिघडलेला. फॉन्ट, ब्राउझर, डेटाबेसचं कोलेशन, सगळं बघून झालं. शेवटी एक्झिफटूलने फाइल उघडून बाइट मोजले तेव्हा उलगडा झाला.

फोटोत की-वर्ड दोन ठिकाणी असू शकतात. एक जुना साचा, आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या संस्थेचा आयआयएम. तो वृत्तसंस्थांच्या देवाणघेवाणीसाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बनला. त्यात की-वर्डचा रकाना २:२५ क्रमांकाचा, आणि एका की-वर्डला मर्यादा ६४ बाइटांची. इंग्रजीत ६४ बाइट म्हणजे ६४ अक्षरं, कुणाला कधी कमी पडणार नाहीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि न दिसणारा हलन्तसुद्धा प्रत्येकी ३. आता मोजा. 'अमृतेश्वर'ची ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. 'मंदिर'ची ५, म्हणजे १५. 'रतनवाडी'ची ७, म्हणजे २१. मधल्या दोन मोकळ्या जागांचे २. एकूण ६५.

एक बाइट जास्त! एडिटरने नियमाप्रमाणे ६४ वर कात्री लावली आणि 'डी'च्या दीर्घ वेलांटीचा शेवटचा एक-तृतीयांश तुकडा तोडला. एवढ्यानेही फार बिघडलं नसतं, शेवटी एखादा प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसला असता. पण वर्डप्रेस की-वर्ड वाचताना तो वैध यूटीएफ-८ आहे का ते तपासतं. शेवटचं चिन्ह अर्धवट असल्यामुळे उत्तर 'नाही' येतं. मग ती अख्खी ओळ लॅटिन आहे असं धरून पुन्हा एन्कोड होते. तुटतो एक बाइट, पण खराब होतात तिन्ही शब्द. कुठल्याही पायरीला एररचा मेसेज येत नाही, म्हणून शोधायला इतका वेळ जातो.

त्यानंतर मी सगळे रकाने मोजून काढले. फोटो काढणाऱ्याच्या नावाला, म्हणजे २:८० ला, ३२ बाइट आहेत. 'छायाचित्रकार' हा नुसता शब्द ३६ बाइटांचा आहे. तिथे नाव आणि आडनाव कुठून बसणार? राज्याचा रकानाही ३२ चा: 'महाराष्ट्र' ३० बाइटांत बसतो, दोन उरतात. शहराच्या ३२ मध्ये 'अहिल्यानगर' बसतं, 'छत्रपती संभाजीनगर' ४९ चं असल्यामुळे बसत नाही. 'हरिश्चंद्रेश्वर मंदिर' ६१ बाइटांचं, म्हणून की-वर्डमध्ये बचावलं. कुठलं देऊळ साइटवर नीट दिसणार हे त्याच्या नावातल्या जोडाक्षरांवर ठरावं, हे मला अजूनही सहन होत नाही.

आणि यावर उपाय त्याच फाइलमध्ये होता, ही खरी चीड. दुसरा साचा एक्सएमपी, अडोबीने २००१ मध्ये आणलेला. त्यात की-वर्ड डब्लिन कोअर या ठरलेल्या रकान्यांच्या संचातल्या 'सब्जेक्ट' रकान्यात यूटीएफ-८ मध्ये राहतात आणि ६४ ची भानगड नाही. बहुतेक सॉफ्टवेअर दोन्हीकडे लिहितात. त्या मित्राच्या फाइलमध्येही एक्सएमपीत 'अमृतेश्वर मंदिर रतनवाडी' पूर्ण, शाबूत होतं. प्लगिन तिकडे बघतच नव्हतं. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत आयपीटीसी वाचायला तयार फंक्शन आहे, एक्सएमपीचं स्वतः लिहावं लागतं; तेवढं काम त्यांनी वरच्या प्लॅनमध्ये ठेवलंय. सपोर्टला बाइट मोजून, फाइल जोडून लिहिलं. पहिलं उत्तर आलं, की-वर्ड छोटे ठेवा. दुसरं आलं, इंग्रजी की-वर्ड वापरून बघा. तिसऱ्या मेलमध्ये वरच्या प्लॅनची लिंक. पैसे भरलेल्या माणसाला त्याची भाषा बदलायला सांगायची ही कुठली पद्धत?

इथपर्यंतचं मी पावसाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'हाताने टॅग लावलेले बरे' असा निष्कर्षही लिहिला होता. तो खोडतोय. दिवाळीनंतर होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला आणि त्यात आमचा डेटाबेस एका जुन्या बॅकअपवरून परत आला. फोटोंच्या फाइली जागेवर, फोटोंच्या नोंदी कशाबशा परत आणल्या, पण मधल्या काळातले टॅग साफ गेलेले. हाताने लावलेले असते तर ते पुन्हा लावायची ताकद आमच्यात नव्हती, साइट बंदच पडली असती. पण माझ्या हार्ड डिस्कवरच्या प्रत्येक मूळ फाइलमध्ये तिची माहिती होती. एक्झिफटूलला सगळ्या फोल्डरांवर सोडलं आणि फाइलचं नाव व एक्सएमपीतले की-वर्ड यांची यादी एका जेसन फाइलमध्ये काढून घेतली. ती वाचून प्रत्येक फोटोला टॅग जोडणारी छोटीशी पीएचपी स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळी सुरू केलं, झोपायच्या आत साइट उभी. रतनवाडीचं मंदिरही या वेळी पूर्ण नावाने आलं, कारण आयआयएमच्या वाटेला गेलोच नाही. टॅग डेटाबेसात राहतात, पण त्यांचा मूळ मालक फाइल असली पाहिजे, हे त्या रात्री पटलं.

नव्या सर्व्हरवर प्लगिनने आणखी एक रंग दाखवला. ५.३ पासून वर्डप्रेस मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची प्रत करून तीच पुढे वापरतं. सर्व्हरवर फोटो लहान करायला इमॅजिक हे सॉफ्टवेअर असेल तर त्या प्रतीत आयपीटीसी, एक्झिफ (कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली माहिती), एक्सएमपी टिकतात. नुसतं जीडी असेल तर सगळं पुसलं जातं. नव्या सर्व्हरवर जीडी आहे आणि आमचं प्लगिन लहान केलेली प्रत वाचतं. म्हणजे नव्या फोटोंना एकही टॅग नाही. आता मी घरीच लांब बाजू २५६० वर आणून मग चढवतो. मग वर्डप्रेसला ती प्रत करावीच लागत नाही आणि होस्टिंगची जागाही वाचते. फोटो हलके करणारं प्लगिन कुणी वापरत असेल तर त्याची मेटाडेटा पुसायची सेटिंग आधी बघून घ्या, बऱ्याचदा ती चालूच असते.

सध्या मीडिया लायब्ररी असिस्टंट हे दुसरं प्लगिन वापरतोय, फुकट आहे. दिसायला जुनाट, सेटिंगची पानं लांबच लांब, पहिल्या दिवशी डोकं फिरतं. पण त्यात आधी एक्सएमपी बघ, तिथे नसेल तरच आयपीटीसी बघ, असा क्रम देता येतो आणि मला एवढंच हवं होतं. जुन्या फोटोंवर एकदम मॅपिंग चालवायचं बटणही आहे. पैसे घेणाऱ्याने जे अडवून ठेवलं होतं ते इथे असंच मिळालं.

मराठीचा आणखी एक खड्डा आहे, आणि तो कुठलंच प्लगिन बुजवत नाही. आमच्याकडे 'पायऱ्या' हा टॅग दोनदा दिसायला लागला. दिसायला हुबेहूब सारखे, एकात शिवनेरी आणि लोहगड, दुसऱ्यात रायगड. एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरून अक्षर जुळतं, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. 'दऱ्या', 'वारकऱ्यांची दिंडी', 'शेतकऱ्यांची अवजारं', सगळीकडे हेच. चढवायच्या आधी दुसरं रूप शोधून पहिल्यात बदलणारी एक ओळ मी स्क्रिप्टमध्ये टाकली. मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, नाहीतर शोधणाऱ्याला अर्धेच फोटो मिळतात आणि बाकीचे अर्धे आहेत हे त्याला कळतही नाही.

ग्रुपमधल्यांसाठी नियम दोनच ठेवलेत. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवायचा नाही, त्यात सगळी माहिती गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, मग फाइल जशीच्या तशी येते. दुसरा नियम जीपीएसचा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश एक्झिफमध्ये बसलेले असतात आणि मूळ फाइल उतरवून घेणाऱ्याला ते मिळतात. गडाच्या बाबतीत चालेल, तो सगळ्यांना माहीत आहे. रानात एकट्या पडलेल्या वीरगळीचा किंवा सुट्या मूर्तीचा अचूक पत्ता मी साइटवर जाऊ देणार नाही. चढवायच्या प्रतीतून एक्झिफटूलने जीपीएसचे सगळे रकाने काढतो, घरच्या मूळ फाइलमध्ये ठेवतो. टॅगमध्ये तालुका पुरे.

पर्यायी मजकुराचं कौतुक करायलाच हवं. आयपीटीसीने २०२१ मध्ये फोटो मेटाडेटाच्या मानकात ऑल्ट टेक्स्टसाठी वेगळा रकाना आणला, तोही एक्सएमपीत. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी फोटोचं वर्णन मी आता तिथेच मराठीत लिहितो आणि साइटवर ते ऑल्टच्या रकान्यात जातं. 'पाण्याने भरलेली पुष्करणी, कडेने कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती' एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो! कॅप्शनमध्ये इतिहास असतो, इथे फक्त जे दिसतं ते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा ज्या फाइलींत साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, पन्हाळा वगैरे की-वर्ड आहेत त्या सगळ्यांना 'जागतिक वारसा' जोडायचं होतं. एक्झिफटूलला अट देऊन एकाच आज्ञेत झालं. हाताने टॅग लावणाऱ्यांनी त्या आठवड्यात किती क्लिक केले असतील याची कल्पना करवत नाही.

जिल्ह्यांच्या नावांचं काम मात्र अजून चालू आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या फाइलींत जुनी नावं आहेत. की-वर्ड नव्या नावाने बदलतोय, पण कॅप्शनला हात लावत नाही. ती ज्या वर्षी लिहिली त्या वर्षीच्या नावानेच राहील. स्क्रिप्टमध्ये जुन्या-नव्या नावांची जोडी लिहून ठेवलीय, त्यामुळे कुणाची जुनी फाइल आली तरी साइटवर एकच टॅग पडतो. 'छत्रपती संभाजीनगर' की-वर्ड म्हणून ४९ बाइटांचं आहे, ६४ मध्ये बसतं. त्याच्यापुढे 'जिल्हा' जोडायला गेलात तर ६८ होतात, तेव्हा जोडू नका.