सद्दामच्या नोटा की मोबुटूच्या? संग्रह सुरू करण्यापूर्वी

इराकचा सद्दाम हुसेन आणि झाईरचा (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) मोबुटू सेसे सेको या दोघांच्या नोटा मी नागपुरात राहून सुमारे बारा वर्षे जमवल्या, आणि त्यांपैकी एकाच्या नोटा गेल्या वर्षी बव्हंशी विकूनही टाकल्या. हुकूमशहांच्या काळातील नोटांचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्याला हे दोन्ही विषय परवडण्याजोगे आहेत आणि कोऱ्या करकरीत नोटाही मिळतात, म्हणून निवड अवघड होते. माझा अनुभव थोड्या नोटांचा आहे. तो सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

सद्दामच्या नोटांची ओढ आपल्याकडे अधिक असणे स्वाभाविक आहे. चेहरा सर्वांना ओळखीचा आहे आणि अल्बम उघडल्यावर घरचे पाहुणेही त्याच पानावर थांबतात. शिवाय १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेथील दिनार रद्द करून इराकी दिनार लादला, आणि त्यानंतर लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी परतले. त्या परतीच्या सामानातून आलेल्या नोटा अजूनही एखाद्या घरच्या जुन्या पेटीत सापडतात. मला पहिली इराकी नोट अशाच एका शेजारच्या काकूंनी दिली होती. सद्दामचे चित्र प्रथम आले ते १९८६ च्या २५ दिनारच्या नोटेवर. धावत्या घोडेस्वारांसह असलेली ती नोट छपाईच्या दृष्टीने खरोखर देखणी आहे, आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती कुवेत प्रकरणानंतर इराकवर लादलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या काळापासून. बाहेरच्या छापखान्यांची दारे बंद झाल्यावर इराकने मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या यंत्रांवर नोटा छापल्या. माझ्याकडे सद्दामच्या २५० दिनारच्या नऊ नोटा होत्या, तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घेतलेल्या. एकीचा जांभळा रंग गडद, दुसरीचा धुतल्यासारखा. एकीचे क्रमांक सरळ, दुसरीचे किंचित उतरते. कडा तर कोणत्याही दोन नोटांच्या सारख्या कापलेल्या नव्हत्या. एका जाणत्या संग्राहकांनी त्यांतील दोन नोटा बनावट ठरवल्या. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका अनुभवी विक्रेत्याने नेमक्या त्याच दोन नोटा खात्रीने अस्सल म्हणून मागितल्या. दोघांनीही भिंग लावून पाहिले होते आणि दोघेही प्रामाणिक होते.

या एका गोष्टीने माझा निर्णय झाला. इतर कोणत्याही देशाच्या नोटेत छपाई सुमार असली तर संशय घ्यावा, हा आपला साधा नियम. येथे सरकारी छपाईच सुमार असल्याने तो नियम निरुपयोगी ठरतो. खुद्द इराकमध्येही १०,००० दिनारच्या नोटेबद्दल लोकांना बनावटीची इतकी धास्ती होती की २००३ साली ती दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने फिरत होती. जेथे रोज वापरणाऱ्यालाच भरवसा नव्हता, तेथे सीताबर्डीच्या एका खोलीत दिव्याखाली बसून मी काय ठरवणार, असे वाटू लागले. संग्राहकाला नोट हातात घेतल्यावर जे समाधान मिळायला हवे, ते या नोटांनी मला क्वचितच दिले. त्यात नागपूरचा मे महिना: दोन्ही संग्रह एकाच कपाटात, एकाच प्रकारच्या पाकिटांत होते, तरी इराकी कागद आधी पिवळा पडला, असे माझे निरीक्षण आहे. कागदशास्त्र मला ठाऊक नाही, पण डोळ्यांना दिसले ते असे.

मोबुटूच्या नोटांचे आकर्षण मला उशिरा कळले. सुरुवातीला मी त्या केवळ बिबट्यामुळे घेत असे. विदर्भात वाढलेल्या माणसाला नोटेवरचा बिबट्या परका वाटत नाही. यांतील अनेक नोटा जर्मनीच्या गिसेके अँड डेव्रिएंट या छापखान्यातून आलेल्या, रेषा स्वच्छ, कागद कडक, आणि अस्सलपणाचा प्रश्न माझ्यापुढे एकदाही उभा राहिला नाही. मात्र खरी गंमत तारखांत आहे. इराकी नोटेवर केवळ वर्ष असते. झाईरच्या नोटेवर दिवस, महिना आणि वर्ष असे तिन्ही छापलेले असते. एके दिवशी सगळ्या नोटा ओळीने मांडल्यावर २४ नोव्हेंबर ही तारीख पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरली. मोबुटूने सत्ता हस्तगत केली तो दिवस म्हणजे २४ नोव्हेंबर १९६५. मग २० मे दिसला, म्हणजे १९६७ साली त्याच्या पक्षाची स्थापना झाली तो दिवस. १४ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस. २७ ऑक्टोबर हा १९७१ साली देशाला झाईर हे नाव दिल्याचा दिवस. राजवटीने आपले सणवार नोटांवर छापून लोकांच्या खिशात ठेवले होते, हे कोणत्याही पुस्तकाशिवाय नोटांनीच मला सांगितले.

पुढे १९९२ च्या नोटा लावत गेलो की दर्शनी किंमत एका वर्षात एक लाखावरून पन्नास लाख झाईरपर्यंत (चलनाचे नावही झाईरच) चढते, आणि तारखाही सणांच्या राहत नाहीत. ती पन्नास लाखांची नोट जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांना पगारात दिली गेली, व्यापाऱ्यांनी ती नाकारली आणि किन्शासात रक्तपात झाला. त्याच वर्षी तीस लाख जुन्या झाईरांचा एक नवा झाईर झाला. ही नोट मी प्रत्येक वेळी जपून हाताळतो, कारण त्या कागदाने पगार झालेल्या घरांची काय अवस्था झाली असेल, हा विचार मनातून जात नाही. इराकमध्येही १९९३ साली जुन्या २५ दिनारच्या नोटा थोड्या दिवसांची मुदत देऊन रद्द केल्या गेल्या आणि अनेकांची बचत बुडाली, तेव्हा दुःखाच्या बाबतीत दोन्ही संग्रह सारखेच आहेत.

मोबुटूच्या बाजूने सगळेच आहे असे मात्र नाही. या नोटा विकायला गेल्यास नागपुरात गिऱ्हाईक शोधावे लागते. प्रदर्शनाच्या टेबलावर सद्दाम सकाळीच विकला जातो, मोबुटू संध्याकाळपर्यंत पडून राहतो. पुढेमागे पैसे मोकळे करण्याचा विचार असेल तर इराकची बाजू बहुधा सरस ठरेल. परंतु वर्षानुवर्षे जवळ बाळगायचे असेल, तर १९७० च्या दशकातील पाच झाईरच्या एखाद्या नोटेने आरंभ करावा, तारीख आधी वाचावी आणि मग चित्र पाहावे, असे मी सुचवेन. सद्दामची एकच नोट मी ठेवली आहे, ती काकूंनी दिलेली, १९८६ ची घोडेस्वारांची. तिच्याबाबत दोन तज्ज्ञांचे मत अजून तरी वेगळे पडलेले नाही.