यूपीआय ऑटोपे : खाड्याची सोय आहे, पण शोधावी लागते

परवा रविवारी बँकेचं स्टेटमेंट काढून बसलो. पगार तोच, महागाई काय असायचीच, पण वीस तारखेलाच खडखडाट व्हायला लागला म्हणून म्हटलं बघू तरी जातात कुठे. किराणा, लाइट बिल जागेवर होतं पण मधेमधे 149, 299, 59 असे बारीक आकडे आणि दर तीन महिन्यांनी एक 699. बायकोला विचारलं हे तुझं का, ती म्हणे मला वाटलं तुझंच आहे!

मग यूपीआय अ‍ॅपातलं ऑटोपेचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पैसे कापले जातात त्याचं, पान उघडलं. 2020 पासून ही सोय आहे, मी उघडलं आत्ता. प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून आत ऑटोपे किंवा मॅन्डेट (पैसे कापायला आपण दिलेली परवानगी) असं लिहिलेलं शोधायचं, माझ्याकडे तर पार खाली होतं. पण एकदा सापडलं की काम झकास, कोण पैसे घेतंय, किती, कधीपर्यंत सगळं एका जागी, आणि कॅन्सल करून पिन टाकला की विषय संपला, कस्टमर केअरला फोन नाही की विनवण्या नाहीत.

ते 699 पोराच्या गणिताच्या अ‍ॅपचं निघालं. 1 रुपयात ट्रायल घेतली होती, आवडलं नाही म्हणून अ‍ॅप उडवलं, पण अ‍ॅप उडवून मॅन्डेट जात नाही ना राव. वर कमाल मर्यादा 2000 आणि मुदत थेट 2053 पर्यंत, पोरगा तोवर स्वतः बाप झालेला असेल. सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणतात तो हाच, सरकारने 2023 मध्ये डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या युक्त्यांच्या, यादीत घातलाय तो. आता माझी चूक पण सांगतो. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायला हवा असा नियम आहे आणि तो आला होता, लोनच्या मेसेजांच्या गर्दीत मीच वाचला नाही. 15 हजारांपर्यंत दरवेळी पिनही विचारत नाहीत, त्यामुळे तो मेसेज हीच काय ती घंटा.

मला सगळ्यात आवडलं ते पॉज. गावाला जाताना आपण दूधवाल्याला खाडा सांगतो ना, तसंच. पोराची परीक्षा होईपर्यंत 299 वालं ओटीटी पॉज केलंय. सगळ्यांना हे बटण दिसत नाही, काहींना फक्त कॅन्सलच.

या सोयीला तारे द्यायचे तर एक तारा कापतो कारण कार्डावरून जाणारे पैसे इथे दिसत नाहीत, ते बँकेकडे वेगळे बघावे लागतात, आणि प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन बंद केलेलं बरं. म्हणजे तीन ठिकाणी झाडू मारायचा.

699 आणि 149 कायमचे बंद, 299 खाड्यावर, महिन्याला साधारण 680 रुपये वाचले, आमच्याकडचं दहा-अकरा दिवसांचं दूध. 59 वालं आईचं अभंगांचं निघालं, मीच सुरू करून दिलेलं. ते राहू दिलं.