दादरच्या छोट्या हॉलमध्ये 'हाय नून' आणि 'रिओ ब्राव्हो'

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या भागातली फिल्म सोसायटी जुने सिनेमे दाखवते. या महिन्यात वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातले बंदूकबाजीचे सिनेमे होते. पहिल्या शनिवारी १९५२चा 'हाय नून', पुढच्या शनिवारी १९५९चा 'रिओ ब्राव्हो'. दुसरा सिनेमा पहिल्याला रागाने दिलेलं उत्तर आहे, त्यामुळे क्रम हाच हवा होता आणि आयोजकांनी तो अचूक साधला.

सोयींबद्दल थोडक्यात. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, पाठीचं दुखणं असलेल्यांनी उशी न्यावी. पडदा लहान, पण चित्र स्वच्छ. आवाज मागच्या रांगांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून इंग्रजी सबटायटल्स ठेवतात ते बरंच आहे.

'हाय नून' सुरू होण्याआधी मोजून पाच मिनिटं माहिती दिली, आणि त्या पाच मिनिटांनी सिनेमाच बदलला. पटकथाकार कार्ल फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता. १९५१मध्ये चित्रीकरण चालू असतानाच त्याला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं. जुन्या साथीदारांची नावं सांगायला त्याने नकार दिला. हॉलिवूडची दारं बंद झाली, तो इंग्लंडला गेला. कालपर्यंत गळ्यात गळा घालणारे लोक कसे बाजूला होतात, हे तो तेव्हा रोज बघत होता.

सिनेमात बाराच्या गाडीने गुंड येणार असतो आणि गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, केन मदत मागत गावभर फिरतो. एक जण घरात असून बायकोला दारात पाठवतो, 'घरी नाहीत' म्हणून सांगायला. न्यायाधीश तर भिंतीवरचा राष्ट्रध्वज उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू सामानात भरतो आणि घोड्यावर बसतो. हे सगळं करताना तो केनला इतिहासाचे दाखलेही देत असतो! चर्चमधली सभा मात्र आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखी आहे. दोन-चार जण तावातावाने उठतात, मग मुद्दे निघतात, मग मेयर केनची तोंडभरून स्तुती करतो आणि शेवटी त्यालाच गाव सोडायला सांगतो. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी बिल्डरला हिशेब विचारायला उभी राहिले, तेव्हा आदल्या रात्री जिन्यात 'ताई, आम्ही आहोत' म्हणणारे सगळे मूग गिळून बसले होते. चर्चमधला एकही माणूस मला दुष्ट वाटला नाही. म्हणूनच तो प्रसंग सहन होत नाही.

गॅरी कूपरचा केन घाबरलेला आहे आणि ते लपवत नाही. एकटा असताना टेबलावर डोकं टेकतो. 'रिओ ब्राव्हो'चा नायक जॉन वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना नेमकं हेच खटकलं. खरा शेरीफ (मार्शलसारखाच पोलीस अधिकारी) असा दारोदार फिरेल का, असं हॉक्सचं म्हणणं. वेनने तर सिनेमा देशविरोधी ठरवला आणि फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावल्याचा आपल्याला कधीच पश्चात्ताप होणार नाही, असंही सांगितलं. 'रिओ ब्राव्हो'तला त्याचा शेरीफ आपणहून आलेली मदतसुद्धा नाकारतो.

करमणूक म्हणून 'रिओ ब्राव्हो' सरस आहे, हे मान्य करते. पण त्यात मला भिडला तो डीन मार्टिनचा दारुडा ड्यूड. हात थरथरत असतात, ग्लास भरलेला असतो, बाहेर शत्रूने वाजवायला लावलेली धून ऐकू येते आणि तो दारू पुन्हा बाटलीत ओततो, थेंबही न सांडता. शूर कोण म्हणून विचाराल तर मी ड्यूडचं नाव घेईन, वेनचं नाही. म्हणजे माझ्या लेखी उत्तर द्यायला निघालेल्या सिनेमाने, घाबरूनही उभा राहतो तो शूर, हे फोरमनचंच म्हणणं पुढे नेलं.

नंतरच्या चर्चेत १९८९च्या पोलंडमधल्या निवडणुकीचं पोस्टर दाखवलं. तोच कूपर चालत येतोय, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका, छातीवर सॉलिडॅरिटी या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कामगार संघटनेचा बिल्ला. चर्चा अर्ध्या तासात आवरली, ती आणखी चालायला हवी होती. पुढच्या महिन्यात १९५४चा 'जॉनी गिटार' आहे. लवकर जा, पुढच्या तीन रांगांत बसा.