बाळाचा ऑक्सिजन दाखवणारा पायमोजा आणि पोटाची क्लिप, दोन्ही वापरून झालं : ५ पैकी २ स्टार

ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण ऑनलाईन बघितलंत तर दहा नावांनी तसलाच माल विकायला लागलेत. वस्तू दोन आहेत. एक पायात घालायचा मोजा, त्याच्यात लाल लाईट असते, ती ऑक्सिजन आणि नाडी मोजून मोबाईलवर दाखवते. दुसरी क्लिप, डायपरला अडकवायची, पोट हलायचं थांबलं की २० सेकंदांनी कोकलते. मोजा भावानं पुण्यातनं पाठवला, क्लिप आम्हीच घेतली.

का घेतलं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. आमचं बाळ ३१ आठवड्यांतच जन्मलेलं, बेळगावात एनआयसीयूमध्ये, म्हणजे तान्ह्या बाळांच्या आयसीयूत होतं, आणि तिथं त्याला ॲप्निया व्हायचा, म्हणजे श्वास घेता घेता मधेच थांबायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत श्वास चालवणारा मेंदूचा भाग अजून पिकलेला नसतो म्हणून होतंय हे, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत तर जवळजवळ सगळ्यांनाच होतं. २० सेकंद किंवा जास्त थांबलं, नाहीतर थोडाच वेळ थांबलं पण त्यात नाडी किंवा ऑक्सिजन उतरला, तर तो ॲप्निया. पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतात ते वेगळं, ते तान्ह्या बाळांत नॉर्मल असतं, त्याला घाबरून रात्री पळत सुटू नका.

तिथं मशीन वाजलं की सिस्टर आधी बाळाचा रंग बघायच्या, मग तळपायाला टिचकी, नाहीतर पाठ चोळायची, मान सरळ करायची, बहुतेक वेळा तेवढ्यानंच गाडी परत चालू. शिवाय औषध कॅफीन सायट्रेट. हे ऐकून माझी आई डॉक्टरांना म्हणाली, "अवो, तान्ह्या लेकराला कॉफी?" डॉक्टर हसले, म्हणाले मावशी, कॉफीतलंच कॅफीन पण मोजून, पहिला डोस किलोला २० मिलिग्रॅम आणि मग रोज ५ ते १०. आधी ॲमिनोफायलिन नावाचं दुसरं औषध द्यायचे, पण त्यात नाडी फार पळते आणि रक्तातलं प्रमाण सारखं तपासत बसावं लागतं, कॅफीन दिवसातनं एकदा दिलं की झालं. मी नंतर वाचलं, कॅफीनची दोन हजारांवर अगदी कमी वजनाच्या बाळांवर मोठी चाचणी झाली होती, २००६ आणि २००७ ला निकाल आले, फुप्फुसाचा त्रास कमी आणि दीड-दोन वर्षांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हातपाय नीट न चालणं) पण कमी. औषधानं भागलं नाही तर नाकाला सीपॅप, म्हणजे दाबानं हवा देणारं मशीन लावतात, आम्हाला थोडे दिवस लागला. आणि बरं चाललेलं बाळ अचानक जास्त थांबायला लागलं तर आधी इन्फेक्शन आहे का बघतात, साखर, हिमोग्लोबिन सगळं.

आता एक गोष्ट जी आमच्याकडं कुणी नीट समजावत नाही. कॅफीन बंद केल्यावर पण बाळाला पाच ते सात दिवस मॉनिटरवर ठेवतात, आणि मधे ॲप्निया झाला की परत पहिल्यापासनं मोजायचं. आमचे पाहुणे म्हणायला लागले बिल वाढवायलेत. तसं नसतंय, अपुऱ्या बाळाच्या अंगातनं कॅफीन जायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळं औषध बंद केल्या केल्या घरी पाठवलं तर त्याच्या जोरावर श्वास घेतोय का स्वतःच्या, ते कळणारच नाही. सरकारी दवाखान्यात एसएनसीयूला, म्हणजे आजारी तान्ह्या बाळांच्या विभागात, हे सगळं मोफत असतं, खर्चाचं जमत नसेल तर आधी तिथं विचारा.

डिस्चार्ज झाला आणि मी बाळाला घेऊन माहेरी गेले, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पावसाळा. आता तिथं त्या मोज्याचं काय झालं ते ऐका.

पहिलं म्हणजे तेल. रोज सकाळी बाळाची तेल-मालिश, मग न्हाणं, मग शेक, मग दुपट्यात गच्च. मोज्याच्या सेन्सरवर तेलाचा थर बसला की तो रीडिंगच घेत नाही, पाय गार पडला तरी घेत नाही, बाळानं लाथ मारली तरी नाही, आणि प्रत्येक वेळी ॲप अलार्म देतं. रात्री चार-चार वेळा दचकून उठायचं, बघायचं तर बाळ मस्त गुलाबी झोपलंय आणि मोजा टाचेखाली घसरलाय. दुसरं, ॲपला वाय-फाय लागतं. जोराचा पाऊस आला की लाईट जाते, राऊटर बंद, मोबाईलला रेंज अंगणातल्या फणसाखाली. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त गरज त्याच रात्री हे मुकं.

क्लिपला वाय-फाय लागत नाही, तेवढं बरं. पण तिचा घोळ मोठा आहे. ती फक्त पोट हलतंय का बघते. काही ॲप्नियात घसा बंद होतो, बाळ हवा ओढायला धडपडतं, पोट-छाती हलत राहते पण आत हवा जात नाही. क्लिपला वाटतं सगळं ठीक. म्हणून तर हॉस्पिटलात छातीच्या तारा आणि पायाचा ऑक्सिमीटर दोन्ही एकदम लावतात, तेव्हा मला वाटायचं एवढ्या वायरी कशाला.

हे फक्त माझ्या मोज्याचं नाही. २०१८ साली फिलाडेल्फियात मुलांच्या हॉस्पिटलमध्ये असले दोन घरगुती मॉनिटर खऱ्या मशीनला समोर ठेवून तपासले, एकाला ऑक्सिजन उतरलेला कधी कळायचा कधी नाही, दुसऱ्याला एकदाही कळला नाही. आमच्या डॉक्टरांनीपण फॉलोअपला स्पष्ट सांगितलं, यानं झोपेतले अचानक मृत्यू टळतात असं कुठं सिद्ध झालेलं नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनापण त्यासाठी वापरू नका म्हणते. जाहिरातीत मात्र "निर्धास्त झोपा". कसले निर्धास्त.

जाहिरातीत नसलेलं जे उपयोगी पडलं ते लिहिते. बाळाला कायम पाठीवर झोपवणे. मोहरीची उशी काढून टाकली, आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. न्हाऊ घातल्यावरची धुरी बंद, धूर आणि कच्ची फुप्फुसं जमत नाहीत. दुपट्यात बांधताना हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, ते बघायचं. आणि डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी बाहुलीवर शिकवलं ते, आधी तळपाय चोळा, हाक मारा, तरी श्वास नाही तर नाक-तोंड दोन्हीवर तोंड ठेवून हलकी फुंकर, छातीवर ३० दाब आणि २ श्वास, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. माझ्या वडलांनीपण शिकून घेतलं, सत्तरीत. ओठ-जीभ निळी दिसली, बाळ ढिलं पडलं, तर मोज्यावर ९८ दिसत असलं तरी निघायचं. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा श्वास असा थांबला तर ते कधीच "होतंय असं" म्हणून सोडायचं नाही, इन्फेक्शन, फिट, काहीही असू शकतं.

दोन स्टार कशाचे म्हणाल तर एक चार्जिंगचा, मोजा खरंच दिवसभर चालतो. दुसरा क्लिपचा, वाय-फायशिवाय चालते म्हणून. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेला घरचा मॉनिटर ही वेगळी वस्तू, त्याला हे लागू नाही. कस्टमर केअर फक्त इंग्लिश-हिंदीत, आईनं मराठीत आणि मग कन्नडात बोलून बघितलं, पलीकडनं फोन ठेवला. रिटर्न दहा दिवसांतच घेतात, म्हणजे बाळ एनआयसीयूत असतानाच मागवून ठेवलं तर घरी येईपर्यंत मुदत संपलेली असते, मागवायचंच असेल तर डिस्चार्जची तारीख ठरल्यावर मागवा.