गोधडी टाचायची कशी: स्प्रे, सेफ्टी पिना की कच्चा धावदोरा?

ठिगळं जोडून वरचा थर तयार झाला की निम्मी गोधडी झाली असं वाटतं. खरी कंबर मोडते ती त्यानंतर. खाली अस्तर, मध्ये बॅटिंग म्हणजे सुती किंवा पॉलिस्टरच्या भरावाचा थर, वर ठिगळांचा थर असे तिन्ही एकमेकांवर अंथरायचे आणि पक्की शिवण पडेपर्यंत ते सुताभरही सरकू नयेत असे कच्चे टाचून घ्यायचे. आजी हे कच्च्या धावदोऱ्याने करायची. मी शिकले तेव्हा बाकदार सेफ्टी पिना मिळायला लागल्या होत्या. आता क्लासला येणारी प्रत्येक दुसरी मुलगी विचारते, 'मावशी, स्प्रे घेऊ का?'

घ्यावा की नाही, हे तुम्ही हाताने शिवता की मशीनवर, यावर निम्मं ठरतं. उरलेलं निम्मं गुडघ्यांवर.

जुन्या साड्यांच्या गोधडीला यातलं फारसं काही लागत नाही. धुऊन मऊ झालेलं सुती कापड सुती कापडाला धरून बसतं. कोपऱ्यांवर चार पितळी तांबे ठेवायचे, चारपाच आडवे-उभे लांब टाके घालायचे, झालं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करताना तर ठिगळं लावत लावतच कडेकडून मध्याकडे शिवत जातात, त्यामुळे टाचायचा वेगळा टप्पाच उरत नाही. प्रश्न येतो तो मध्ये पॉलिस्टरची फुगीर बॅटिंग आली आणि वर मोजून-मापून जोडलेला थर आला की. पॉलिस्टर निसटतं. वरच्या रेषा सरळ राहतात आणि खाली अस्तराला चुणी पडते, ती शिवून झाल्यावर उलटं करून बघेपर्यंत कळत नाही.

आता स्प्रे. हा कापडासाठीचा, तात्पुरता चिकटणारा स्प्रे असतो; ओडिफ या फ्रेंच कंपनीचा 505 त्यातला सगळ्यांत ओळखीचा. याचा मोठा गुण म्हणजे चुकलं तर सोडवता येतं. कोपरा धरून ओढला की हलकासा चर्र आवाज होऊन थर सुटतो, पुन्हा हाताने सपाट करून बसवायचा. हार्डवेअरच्या दुकानात फोम-रेक्झिनसाठी मिळणारा स्प्रे मात्र स्वस्त दिसला तरी उचलू नका. तो कायमचा चिकटतो आणि कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं.

पहिल्यांदा मी स्प्रे वापरला तो हॉलमध्ये, पंखा चालू ठेवून. एप्रिल होता, दुसरं काय करणार! अर्धा फवारा बॅटिंगवर पडला आणि अर्धा शोकेसच्या काचेवर. फरशी इतकी चिकट झाली की दोन दिवस पाऊल उचललं की चपलेचा आवाज यायचा. तेव्हापासून पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या आणि चारी बाजूंना हातभर जुनी चादर. शिवाय डब्यावर आगीचं चिन्ह असतं ते शोभेचं नाही. आतला वायू पेट घेणारा असतो, म्हणून देवघरात समई तेवत असेल किंवा शेजारी गॅस चालू असेल तर फवारायचं नाही. 50 अंशांच्या वर तापेल अशा जागी डबा ठेवायचा नाही, म्हणजे उन्हात लावलेल्या गाडीत तर नाहीच. दमा असलेलं माणूस घरात असेल तर मी सरळ पिना घ्या म्हणेन.

करायचं कसं? अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर ताणून चिकटपट्टीने बसवायचं. त्यावर बॅटिंग अंथरून अर्धी दुमडून मागे घ्यायची. डबा हलवून, वीतभरापेक्षा थोडा लांब, साधारण 25 ते 30 सेंटिमीटरवर धरून बॅटिंगवर हलका फवारा मारायचा, कापडावर नाही. एका वेळी हातभर रुंदीचाच पट्टा. तो तळहाताने मधून बाहेर सपाट करत बसवला की पुढचा. मग दुसरी अर्धी बाजू आणि त्यावर याच पद्धतीने वरचा थर. सिंगल बेडची गोधडी मला अर्ध्या-पाऊण तासात होते. गुडघे टेकवत नसतील तर हेच काम भिंतीवर अस्तर चिकटवून उभ्यानेही करता येतं, आणि माझ्या मते स्प्रेच्या बाजूने हीच सर्वांत वजनदार गोष्ट आहे.

पिनांचं गणित वेगळं. दर चार इंचांवर, म्हणजे मुठीएवढ्या अंतरावर एक पिन लावली तर 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला सव्वातीनशेच्या वर पिना लागतात. त्या एकदाच घ्यायच्या, आयुष्यभर पुरतात. वास नाही, फरशी चिकट नाही, मध्येच पाहुणे आले तर गुंडाळून कपाटावर टाकता येतं. पण लावायला दीड तास आणि मिटून मिटून बोटांची सालं निघतात. मशीनवर प्रत्येक पिन सुईपाशी येण्याआधी काढावी लागते. एक राहिली की कट्‌कन सुई मोडते. आणि पावसाळ्यात पिना लावलेली गोधडी महिनोन्‌महिने पडू देऊ नका. माझ्या एका पांढऱ्या अस्तरावर गंजाचे ठिपके आहेत, लिंबू-मीठ चोळूनही गेले नाहीत.

धावदोरा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेळखाऊ. पांढरा सुती दोरा, लांब सुई, दोन-दोन इंचांचे टाके, मधून सुरुवात करून बाहेर. तीन तास धरून चाला, तेही मांडी घालून बसता येत असेल तर. हाताने शिवणाऱ्याला मात्र मी दुसरं काही सुचवणार नाही. कापड ताणून धरायची रिंग कुठेही बसते, सुई मोकळी फिरते, आणि काम चार महिने चाललं तरी टाके जागचे हलत नाहीत. स्प्रेची पकड तेवढ्या काळात सैल होत जाते, जास्त मारला असेल तर सुई ओढताना जड लागते. मशीनवाल्यांना धावदोरा त्रासाचा, कारण मशीनच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या टोकात लांब टाके अडकतात आणि वरून शिवण पडलेला कच्चा दोरा नंतर उपसताना जीव जातो.

बॅटिंगही बघा. सुती आणि पातळ असेल तर स्प्रे छान धरतो. जाड फुगीर पॉलिस्टरच्या बॅटिंगवर तो वरवरच बसतो, तिथे मी स्प्रे मारला तरी कडांना पिना लावतेच.

खर्चाचं म्हणाल तर माझा 500 मिलीचा डबा तीन सिंगल गोधड्यांना पुरला. वर्षाला एखादीच गोधडी करणाऱ्यांनी तो घेऊ नये. पिनांचे पैसे एकदाच जातात. आणि अमेरिकेतल्या भाचीला येताना बॅगेत टाकून आण म्हणून सांगू नका. असा ज्वलनशील स्प्रे विमानात सामानातही चालत नाही, हातातही नाही.

बाळाच्या दुपट्याला मी स्प्रे वापरत नाही. दुपटं असतं केवढंसं, पन्नास-साठ पिनांत भागतं. कुणी वापरलाच तर बाळाच्या अंगावर घालण्याआधी एकदा धुवावं. मोठ्या गोधडीलाही, स्प्रे मारलेला असेल तर धुण्याआधी मी गरम इस्त्री लावत नाही.

तरीही ठरत नसेल तर उशीच्या अभ्र्याएवढे दोन तुकडे घ्या, तुमच्याच कापडाचे आणि तुमच्याच बॅटिंगचे. एकाला स्प्रे, दुसऱ्याला पिना. दोन्ही आठवडाभर घडी घालून ठेवा, मग मशीनवर शिवा आणि अस्तराची बाजू उलटून बघा.