एडगर वापरून पाहिल्यावर: दिसायला रूक्ष, कामाला पक्की

अमेरिकी शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की पैसे नक्की कुठल्या साइटला द्यायचे? गेले बरेच महिने मी फुकटची आणि विकतची साधनं आलटून पालटून वापरते आहे. यातली दिसायला सगळ्यात रूक्ष साइटच सगळ्यात कामाची निघाली. ती म्हणजे एडगर, अमेरिकेच्या शेअर बाजाराची नियामक सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन (एसईसी) हिच्याकडे कंपन्यांनी दाखल केलेल्या कागदपत्रांचा, म्हणजे फाइलिंगचा, साठा. बाकीच्या साधनांचा उपयोग आहे, पण शेवटचा शब्द इथला.

खातं उघडायची भानगड नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. कंपनीचं नाव किंवा टिकर (बाजारातलं तिचं छोटं नाव) टाकला की १०-के हा वार्षिक अहवाल, १०-क्यू हा तिमाही अहवाल, अधल्यामधल्या घडामोडींचा ८-के, भागधारकांच्या सभेआधीचं प्रॉक्सी निवेदन, सगळं तारीखवार समोर येतं. इन्फोसिससारख्या ज्या परदेशी कंपन्यांची एडीआर, म्हणजे अमेरिकेत खरेदी-विक्री होणारी शेअरची प्रमाणपत्रं, न्यूयॉर्कला आहेत, त्यांचा वार्षिक अहवाल २०-एफही इथेच सापडतो. सुरुवातीला मात्र डोकं गरगरतं. एखाद्या बड्या बँकेचं पान उघडून बघा. स्ट्रक्चर्ड नोट्स नावाच्या गुंतागुंतीच्या रोख्यांच्या ४२४बी२ फाइलिंगचा नुसता ढिगारा असतो आणि त्याखाली वार्षिक अहवाल कुठेतरी गाडलेला. फॉर्मच्या प्रकाराची गाळणी आधी लावायची, मगच वाचायला बसायचं.

खरी ताकद आहे ती फुल टेक्स्ट सर्चमध्ये. २००१पासूनच्या फाइलिंगमधला मजकूर यात शब्दाशब्दानं शोधता येतो, सोबतच्या जोडपत्रांसकट. अवतरणचिन्हांत इंग्रजी शब्द टाकायचे: ‘मटेरियल वीकनेस’ टाकलं की अंतर्गत हिशेब-नियंत्रणात खोट असल्याचं स्वतः कबूल करणाऱ्या कंपन्या निघतात, ‘सब्स्टॅन्शियल डाउट’ टाकलं की पुढचं वर्ष निघेल की नाही याचीच शंका असलेल्या. पण मी याचा जास्त वापर करते तो उलट्या दिशेनं. एका कंपनीचं नाव टाकायचं आणि बाकी कोणकोण आपल्या अहवालात तिचं नाव घेतंय ते पाहायचं. अ‍ॅपल टाकलं की सिरस लॉजिक ही चिप कंपनी दिसते. तिच्या २०२४च्या आर्थिक वर्षातल्या विक्रीचा सुमारे ८७ टक्के भाग एकट्या अ‍ॅपलकडून आला होता. एकाच ग्राहकाकडून १० टक्के किंवा जास्त विक्री होत असेल तर तसं सांगणं अमेरिकी लेखानियमांत बंधनकारक आहे. नाव प्रत्येक जण देतोच असं नाही. चकचकीत अ‍ॅपमधल्या हिरव्या-लाल गुणपत्रिकेत ही ओळ मला कधी दिसली नाही.

दुसरा एक उद्योग मी आता सवयीनं करते. लागोपाठच्या दोन वर्षांचे १०-के घ्यायचे, त्यातला आयटम १ए, म्हणजे जोखमीचं प्रकरण, दोन मजकुरांतला फरक दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या टूलमध्ये टाकायचं. वकिलांनी लिहिलेलं ते प्रकरण एरवी वाचवत नाही. बदललेली वाक्यं तेवढी रंगवून आली की मात्र लक्ष जातं. ‘असं होऊ शकतं’ याच्या जागी ‘असं झालं आहे’ आलं असेल तर पुढची टीप वाचल्याशिवाय उठायचं नाही.

८-के वाचताना मथळ्यापेक्षा आयटमचा क्रमांक पाहावा. बहुतेक महत्त्वाच्या घटनांसाठी कंपनीला कामकाजाचे चार दिवस मिळतात. ५.०२ म्हणजे संचालक किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यांची ये-जा, ४.०१ म्हणजे ऑडिटर बदलला, आणि ४.०२ म्हणजे आमच्या आधीच्या हिशेबांवर आता विसंबू नका. सुपर मायक्रो कॉम्प्युटरची कागदपत्रं या दृष्टीनं एकदा क्रमानं वाचून बघा. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीनं १०-के वेळेत येणार नाही असं कळवलं. ३० ऑक्टोबरला ४.०१चा ८-के आला: अर्न्स्ट अँड यंगनं ऑडिटरपदाचा राजीनामा दिला होता आणि व्यवस्थापनानं तयार केलेल्या हिशेबांशी आपलं नाव जोडलं जायला नको, असं त्यात म्हटलं होतं. त्या दिवशी शेअर साधारण एक तृतीयांश पडला. रखडलेला १०-के पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये दाखल झाला. शेअर सगळ्यात जास्त कोसळला तो ऑक्टोबरात. हिशेब वेळेत येत नाहीत ही गोष्ट दोन महिने आधीपासून सगळ्यांसमोर होती.

आता विकतच्या सेवांबद्दल. नावं घेत नाही. एकीनं मला लाल रंगात इशारा पाठवला, की सीईओनं शेअर विकले. एडगरवर फॉर्म ४, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेअर व्यवहारांची नोंद, उघडला तर व्यवहारासमोर कोड होता एफ. म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळालेल्या शेअरवरचा कर भागवायला कंपनीनं त्यातलेच काही कापून घेतले होते. साहेबांनी बाजारात काहीच विकलं नव्हतं. पी म्हणजे खुल्या बाजारातली किंवा खासगी खरेदी, एस म्हणजे तशीच विक्री, एम म्हणजे ऑप्शन (ठरल्या भावानं शेअर घ्यायचे हक्क) वापरले, ए म्हणजे बक्षिसी. एवढी चार-पाच अक्षरं पाठ केली की निम्मे इशारे आपोआप कचऱ्यात जातात. विक्री आधी ठरवून ठेवलेल्या १०बी५-१ योजनेतून झाली का, याचीही चौकट २०२३पासून फॉर्मवरच आहे. फॉर्म ४ दोन कामकाजी दिवसांत भरावा लागतो, त्यामुळे माहिती ताजी असते.

१३-एफ, म्हणजे मोठ्या गुंतवणूक संस्थांकडच्या शेअरची यादी, तिच्याबद्दल तसं म्हणता येत नाही. १० कोटी डॉलर किंवा जास्त रकमेचे शेअर सांभाळणाऱ्या संस्था ती तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत भरतात, आणि बहुतेक जण शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. त्यात शॉर्ट पोझिशन, म्हणजे भाव पडेल या अंदाजानं केलेले सौदे, नसतात. शिवाय परवानगी घेऊन एखादी खरेदी काही काळ झाकूनही ठेवता येते. बर्कशायर हॅथवेनं चब या विमा कंपनीतला सुमारे ६.७ अब्ज डॉलरचा हिस्सा असाच झाकला होता, तो मे २०२४मध्ये उघड झाला. दिग्गजांच्या मागे मागे खरेदी करायला शिकवणाऱ्या अ‍ॅपसाठी पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या.

स्क्रीनर, म्हणजे अटी लावून कंपन्या गाळणारं साधन, मी वापरते, आणि फिनविझ त्यासाठी उत्तम आहे. फुकटात भाव थोड्या उशिरानं दिसतात, पण रोज उठून सौदे करणाऱ्यांखेरीज त्याचं कोणाला काय! अडचण आहे ती पीईवर, म्हणजे शेअरचा भाव आणि प्रतिशेअर नफा यांच्या गुणोत्तरावर, डोळे झाकून गाळणी लावण्यात. बर्कशायरच घ्या. २०२२मध्ये तिला २२.८ अब्ज डॉलरचा तोटा, २०२३मध्ये ९६.२ अब्जांचा नफा. धंदा एका वर्षात असा उलटापालटा झाला नव्हता. कामकाजाचा नफा ३०.८ अब्जांवरून ३७.४ अब्जांवर गेला होता, इतकंच. २०१८पासून हातातल्या शेअरच्या भावातली चढउतार, न विकताही, नफा-तोटा पत्रकातून दाखवावी लागते, त्याचा हा परिणाम. पीई २०च्या खाली अशी गाळणी लावली तर ही कंपनी एका वर्षी यादीतून गायब आणि दुसऱ्या वर्षी अगदी स्वस्त. स्क्रीनरनं नावं सुचवावीत, निवड त्याच्यावर सोपवू नये.

ट्रेडिंगव्ह्यूचे चार्ट देखणे आहेत, फुकटातले इंडिकेटर मोजकेच, मला ते पुरतात. व्याजदर, महागाई वगैरेंसाठी सेंट लुइस फेडरल रिझर्व्हची फ्रेड ही आकडेवारीची साइट. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन दर जानेवारीत उद्योगवार नफ्याचं प्रमाण, कर्ज, भांडवलाचा खर्च अशी कोष्टकं फुकट टाकतात. आपल्या कंपनीचं मार्जिन खरंच चांगलं आहे की त्या धंद्यात सगळ्यांचंच तसं असतं, हे पाहायला याहून सोपी जागा माझ्या पाहण्यात नाही.

एआय चॅटबॉटला अख्खा १०-के देऊन सारांश मागण्याचा प्रकारही करून पाहिला. अमुक टीप कुठल्या पानावर आहे हे शोधायला तो चांगला गडी आहे. आकडा मात्र त्यानं सांगितला म्हणून वहीत उतरवत नाही. आकडे हजारांत आहेत की दशलक्षांत, यावरच तो एकदा घसरला होता.

एडगरच्या तक्रारीही आहेत. मोबाइलवर कोष्टकं वाचणं म्हणजे शिक्षा. नवीन फाइलिंगची खबर हवी तर कंपनीच्या पानावरची आरएसएस फीड कुठल्यातरी रीडरमध्ये जोडून घ्यावी लागते. दहा वर्षांचे आकडे एका ओळीत हवे असतील तर तेही तयार मिळत नाहीत, तिथे विकतची सेवा वेळ वाचवते हे मान्य. आणि निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलची लेखी प्रत एडगरवर सहसा नसतेच. त्यासाठी मी एक वर्गणी चालू ठेवली आहे. लाल इशारे पाठवणारी दुसरी सेवा या महिन्यात संपते, ती पुढे भरणार नाही.