मूटाँ रोथशिल्ड: पिकासोचं 1973 घ्यावं की अनीश कपूरचं 2009?

फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या पोयाकमधल्या शॅटो मूटाँ रोथशिल्ड या वाईन-घराण्याची एक तरी बाटली घ्यायची असं ठरवलं, की पुढचा प्रश्न सालाचा. 1945 पासून जवळपास दर सालच्या वाईनला वेगळ्या कलावंताचं लेबल लागत आलं आहे. म्हणजे साल निवडलं की चित्रही ठरून जातं. पण द्राक्षांवर त्या वर्षी ऊन पडलं की पाऊस, याचा चित्रकाराच्या मोठेपणाशी काही संबंध नसतो. 1973 आणि 2009 ही दोन सालं शेजारी ठेवली की हे लख्ख दिसतं.

1973 चं लेबल म्हणजे इतिहासाचा तुकडाच आहे. बोर्दोच्या वाईन-घराण्यांच्या 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत मूटाँला दुसरा दर्जा मिळाला होता. 1922 मध्ये रोथशिल्ड कुटुंबातल्या बॅरन फिलिप यांनी कारभार हाती घेतला आणि पुढे कित्येक दशकं तो दर्जा बदलून घेण्यासाठी ते झगडले. अखेर जून 1973 मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मूटाँ पहिल्या श्रेणीत गेलं. असं वर चढलेलं हे एकमेव घराणं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिकासो वारला होता. बॅरननी आपल्या संग्रहालयातलं त्याचं 1959 चं ‘बाकानाल’ हे नाचणाऱ्या आकृत्यांचं चित्र लेबलवर घेतलं, पिकासोला आदरांजली म्हणून. सोबत नवं ब्रीदही छापलं: मी पहिला आहे, दुसरा होतो, मूटाँ बदलत नाही. एवढ्याशा कागदावर दोन मोठ्या घटना मावल्या आहेत, आणि मला तरी मूटाँच्या सगळ्या लेबलांत हेच सर्वांत श्रीमंत वाटतं.

आतली वाईन मात्र तशी नाही. त्या वर्षी पीक भरघोस आलं, पावसाने रस पातळ केला, आणि बोर्दोभर हलक्या, लवकर पिऊन टाकायच्या वाईन झाल्या. आता पन्नास वर्षं उलटून गेली. बाटली उत्तम सांभाळलेली असेल तर जुन्या लाकडाचा, सुकल्या पानांचा मंद वास मिळेल. फळाचा जोर शोधू नका. तिची किंमत पिकासोमुळे टिकून आहे.

2009 ची गोष्ट उलटी. उन्हाळा उबदार आणि कोरडा गेला, द्राक्षं पुरेपूर पिकली. वाईनमध्ये 88 टक्के काबर्ने सोव्हिन्यों आणि 12 टक्के मेर्लो जातीची द्राक्षं. काळ्या फळांचा भरीव स्वाद, आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा, भरपूर असूनही मऊ. आज उघडली तरी आनंद देईल, आणखी काही दशकं ठेवली तरी चालेल. दोनेक तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या सुरईत, ओतावी. सोबत साधं भाजलेलं मटण असावं. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, कारण मिरचीच्या जाळापुढे टॅनिन नुसतं तुरट लागतं.

लेबल अनीश कपूरचं. 1954 मध्ये मुंबईत जन्मलेला, पुढे लंडनला स्थायिक झालेला हा शिल्पकार. लाल रंगाच्या गहिरेपणावर त्याने आयुष्यभर काम केलं आहे आणि इथेही तोच ध्यास दिसतो. मुंबईकराचं नाव या बाटलीवर पाहून मला अभिमान वाटतो, हे लपवत नाही. (इथे कलावंतांना मानधन पैशांत नव्हे, तर मूटाँच्या वाईनच्या पेट्यांत मिळतं, हीसुद्धा मला या प्रथेतली फार सुंदर गोष्ट वाटते.)

खरेदी करताना दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते. दमट तळघर बुचाला मानवतं, कारण बूच सुकत नाही. पण त्याच दमटपणाने लेबलवर डाग पडतात, कडा सुटतात. 1973 घेताना म्हणून आधी लेबल बघा, मग वाईनची पातळी. ती बाटलीच्या खांद्याखाली उतरली असेल तर हवा आत गेल्याची शक्यता धरा. 2009 मध्ये लेबलवरचा किरकोळ डाग माफ करता येतो, पण बाटली आजवर कुठे आणि किती तापमानात राहिली याची कागदपत्रं मागाच. साधारण 13 अंशांची जागा हवी. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली, मग ती कितीही नामांकित असो, मी घेणार नाही.

माझा कौल: प्यायची असेल तर 2009, निःशंक. 1973 घ्यायची ती पिकासोच्या प्रेमापोटी, किंवा त्या साली जन्मलेल्या माणसाला भेट म्हणून. ती न उघडता ठेवली तरी काही गमावत नाही. चित्र आणि चव दोन्ही एकाच बाटलीत हवी असा हट्टच असेल, तर 1982 शोधा. दिग्दर्शक जॉन ह्युस्टनने रंगवलेला उड्या मारणारा मेंढा लेबलवर आहे आणि आत शतकातल्या थोर सालांपैकी एक. फक्त त्यासाठी या दोन्हींपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतील.